मिठबावकर आणि टाकीचा तळ

मिठबावकरांनी मला पहिल्याच दिवशी टांगलं. टांगलं म्हणजे खरोखर टांगलं. मुलुंडच्या त्या साइटवर तळमजल्यावरच्या एका तुळईला दोर बांधलेला होता. त्याला मला मांड्यांपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यांनी अडकवलं आणि पायाखालचं स्टूल काढून घेतलं. जमिनीपासून जेमतेम दोन हात वर मी लोंबकळत होते. डोक्यावर कोरं करकरीत पांढरं हेल्मेट, बॅगेत औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा, तोही पहिल्या वर्गातला. आणि समोर उलट्या बादलीवर बसून साठीकडे झुकलेला एक काटकुळा माणूस मनगटावरच्या घड्याळात बघत शेंगदाणे खात होता.

तिसऱ्या मिनिटाला पट्टे मांड्यांना काचायला लागले. पाचव्या मिनिटाला पायांना बोटं आहेत की नाहीत तेच कळेना.

"काका, बस झालं. उतरवा."

"पाय कोणाचे ते सांग आधी."

"माझेच. पण कळत नाहीयेत."

"हां. आता सांग. बाराव्या मजल्यावरनं एक जण पडला, पट्ट्याने वाचला आणि असाच लटकत राहिला. किती वेळात खाली घेशील?"

आमच्या पुस्तकात उत्तर होतं, शक्य तितक्या लवकर. मी तेच दिलं.

"शक्य तितक्या म्हणजे? चहा पिऊन की न पिता?"

उतरल्यावर दहा मिनिटं मी खांब धरून उभी होते. रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. नंतर कळलं की सेफ्टीच्या खात्यात येणाऱ्या प्रत्येकाला ते असंच टांगायचे. माझ्या आधी आलेला एक जण दुसऱ्या दिवशी फिरकलाच नाही म्हणे. मी फिरकले. चरफडत फिरकले, आणि त्याच आठवड्यात मॅनेजरच्या मागे लागून दर चार मजल्यांना माणूस खाली घ्यायचा दोर आणि कप्पी ठेवून घेतली. मिठबावकरांनी ती कप्पी एकदा हाताने फिरवून पाहिली आणि पुढे गेले. त्यांचं शाबासकी देणं एवढंच असायचं.

कागदावर मी सेफ्टी ऑफिसर होते आणि ते सुपरवायझर. त्यांचा पगार माझ्यापेक्षा कमी. मला केबिनमध्ये खुर्ची होती, त्यांना ती बादली. पण कंपनीच्या जुन्या मालकाने एक रीत घालून दिलेली होती. उंचीवरचं काम असो, वेल्डिंग असो की बंद जागेत उतरणं, परवानगीच्या कागदावर दोन सह्या लागत. एक डिप्लोमावाल्याची आणि एक मिठबावकरांची. ते सही मराठीत करत, प्रत्येक अक्षर सुटं काढून, पाटीवर लिहिल्यासारखी. ती होईपर्यंत कोणाची हिंमत नव्हती कामाला हात लावायची. दहावी नापास माणूस, पण इंजिनिअर लोक कागद घेऊन त्या बादलीपाशी ताटकळत उभे असायचे. या माणसाकडे दुसरं काही नव्हतं. त्यांच्या 'नाही'ला किंमत होती, आणि ती किंमत त्या सहीत होती.

ते वाकोल्याला राहायचे. मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली आणि हे सतराव्या वर्षी स्लॅबखालच्या सेंट्रिंगच्या फळ्या उचलायला लागले. एवढंच मला माहीत आहे. एकदा, विचारलेलं नसताना, म्हणाले होते, "ह्या हातांनी चार जण उचलले मी. दोघं उचलायच्या आधीच गेलेले." त्यावर मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाले, "जा, तुझा फॉर्म भर." मालवणी ते फक्त रागावले किंवा घाबरले तर बोलत. एरवी आमच्याशी मुंबईचं मराठी आणि कामगारांशी हिंदी, तेही असं की बिहारी माणूससुद्धा दोनदा विचारून घेई.

सकाळी आठला ते गेटावर उभे राहत. मी येणाऱ्यांची हेल्मेटं, बूट, पट्टे बघून खुणा करत असे. ते चेहरा बघत आणि एकच विचारत, "क्या खाया?" मला ती आपली म्हाताऱ्या माणसाची चौकशी वाटायची. मग नवरात्र आलं. त्या दिवसांत त्यांनी अकरा जणांना बाजूला काढलं आणि खालच्या कामाला लावलं, कारण ते नुसत्या पाण्यावर होते. रमजानमध्ये तेच. अंगारकीला तेच. उपास लपवणाऱ्यांचे ओठ बघून ते ओळखत. "देवाला सांग, आज जमिनीवरच बसून भक्ती केली," असं म्हणून फोरमनच्या शिव्या खात माणूस बदलून घेत. माझ्या फॉर्मला चौदा रकाने होते. त्यात उपासाचा रकाना नव्हता. मी पंधरावा काढला.

आमची भांडणं रोज व्हायची. त्यांचं म्हणणं, "कागद पडत नाय गो, माणूस पडता." माझं म्हणणं, "काका, माणूस पडला की सगळे पहिला कागदच मागतात." त्यावर ते माझ्याकडे असं बघायचे की वाटावं, मी काहीतरी घाण बोलून गेले. पण मी बरोबर होते. ते माझ्यापेक्षा लवकर त्यांनाच कळलं, आणि तेही माझ्याचमुळे.

ती मे महिन्यातली दुपार होती. इमारतीच्या पोटात जमिनीखाली पाण्याची मोठी टाकी होती, वीस फूट खोल. आत उतरायला वर एकच चौकोनी तोंड, माणूस कसाबसा मावेल एवढं. चार दिवसांपूर्वी आतल्या भिंतींना पाणी न गळण्यासाठी लावतात तो लेप लावला होता आणि तोंडावर प्लायवुड टाकून ठेवलं होतं. आता दुसरा हात द्यायचा होता. रफिक नावाचा माणूस ब्रश आणि डबा घेऊन शिडीपाशी तयार. मॅनेजर स्वतः येऊन उभा राहिलेला, कारण टाकी झाल्याशिवाय प्लंबर सुरू होत नव्हते आणि वरून त्याला फोनावर फोन येत होते.

मी गॅस मोजायचं यंत्र घेतलं. मुठीत मावणारं, नवंकोरं, कंपनीने माझ्याच आग्रहाने आणलेलं. प्लायवुड सरकवलं, वाकले आणि तोंडाशी धरलं. प्राणवायू वीस पूर्णांक नऊ दशांश टक्के, बाहेरच्या हवेइतकाच. बाकी सगळं शून्य. पडदा हिरवा. मी आकडे लिहिले आणि सही केली. हो, केली. हे मी इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

कागद मिठबावकरांकडे गेला. त्यांनी पेन घेतलं नाही.

"हे खंयचा माप?"

"टाकीचं."

"टाकीचा नाय, तोंडाचा. वरसून काय कळतला? तळाक काय आसा तां बघूक होया."

मालवणी सुरू झालं तेव्हाच मी समजायला हवं होतं. मॅनेजर म्हणाला, "अहो मिठबावकर, मशीन हिरवं दाखवतंय, मॅडमनी सही केलीय, आता तुम्ही काय मशीनपेक्षा शहाणे?" मिठबावकर वळले आणि स्टोअरकडे चालू लागले. पाच मिनिटांनी आले तेव्हा त्यांच्या एका हातात दोराचं वेटोळं होतं आणि दुसऱ्या हातात छोटा पेटवलेला कंदील.

हा त्यांचा नेहमीचा उपाय. कोकणात विहीर उपसायला माणूस उतरवायच्या आधी दिवा सोडतात. दिवा विझला तर खाली हवा नाही, माणूस उतरवायचा नाही. ते गावी लहानपणापासून हेच बघत आले होते, आणि मुंबईतल्या अनेक खड्ड्यांत त्यांनी हाच दिवा सोडला होता. दोन वेळा तो विझला होता आणि तेवढ्याने माणसं वाचली होती. साइटवर सगळ्यांना ही गोष्ट ठाऊक होती. रफिक आपणहून बाजूला झाला. मिठबावकर टाकीच्या काठावर उकिडवे बसले आणि दोर सोडायला लागले.

माझं लक्ष रफिकच्या पायाशी असलेल्या डब्याकडे गेलं. डब्यावर लाल चौकोनात ज्वाळेचं चित्र होतं. थिनरवर बनवलेला लेप. चार दिवस, मे महिन्याचं ऊन, झाकलेली टाकी. ती वाफ हवेपेक्षा जड असते, खाली बसून राहते, वर वास येतो न येतो. हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं, पूर्ण मार्क मिळवलेले होते, आणि पाच मिनिटांपूर्वी टाकीच्या तोंडाशी वाकून तेच विसरले होते.

कंदील तोंडाच्या आत दोन हात गेला होता.

"काका, दिवा नको!" मी किंचाळले. "वर घ्या! वर घ्या! खाली पेट्रोलसारखी वाफ आहे!"

त्यांचे हात थांबले. मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीसेक माणसं भोवती उभी होती, आणि मिठबावकरांना भर कामावर कोणी 'नको' म्हणालेलं त्यांच्यापैकी कोणीच ऐकलेलं नव्हतं. मला वाटलं, ते ऐकणार नाहीत. वाटलं, आता ते म्हणतील, तुझ्या जन्माआधीपासून दिवा सोडतोय मी. एक क्षण दोर तसाच राहिला. मग अगदी हळू, कंदील कुठेही टेकू न देता, त्यांनी तो वर घेतला, तसाच हातात धरून लांब भिंतीपलीकडे नेला आणि तिथे फुंकून विझवला.

परत आले तेव्हा तोंड उतरलेलं होतं.

"मगे काय सोडू?"

मी यंत्र पुढे केलं. त्यांनी ते दोराला अशी गाठ मारून बांधलं की पडदा वर राहावा आणि हलू नये. मग हातावर मोजत दोर सोडला. चार हात, सहा हात, आठ हात. काही नाही. मॅनेजरने घड्याळात पाहिलं. दहाव्या हाताला खालच्या अंधारातून यंत्र किंचाळायला लागलं. त्या टाकीत तो आवाज चारी भिंतींवर आपटून वर येत होता आणि थांबत नव्हता. रफिकने हातातला ब्रश खाली ठेवला.

वर काढलं तेव्हा पडदा लाल होता. पेट घेणारी वाफ, आणि प्राणवायू माणूस शुद्धीवर राहणार नाही इतका कमी. म्हणजे माझी सही चालली असती तर रफिक शिडीवरून खाली गेला असता आणि पडला असता, आणि त्याला काढायला दुसरा गेला असता. आणि मिठबावकरांचा दिवा आणखी थोडा खाली गेला असता तर काठावरचे आम्ही सगळेच. दोघांच्या दोन चुका, आणि दोघांनी एकमेकांची धरली म्हणून माणसं घरी गेली. मला त्या दुपारी इतकं बरं वाटलं होतं की मिठबावकरांनी पुढे केलेले शेंगदाणे मी त्यांच्या बादलीशेजारी खाली बसून खाल्ले. "यंत्र बरां आसा तुझा," ते म्हणाले, अजून मालवणीतच. "फक्त तेका दोर होयो."

तिथेच थांबलं असतं तर काय हवं होतं. पण दोन दिवस काम बंद राहिलं आणि वरून अहवाल मागितला गेला. तो मी लिहायचा होता, कारण लिहिता मला येत होतं.

मॅनेजर माझ्या खुर्चीमागे उभा होता. "जे घडलं ते लिहा," म्हणाला. मी लिहिलं. सुपरवायझरने उघडी ज्योत टाकीत सोडायचा प्रयत्न केला. सेफ्टी ऑफिसरने तो रोखला. यंत्राला तळाशी धोकादायक वायू आढळला. एकही वाक्य खोटं नव्हतं. तोंडाशी घेतलेलं माझं माप आणि त्याखालची माझी सही यांचं काय झालं? 'प्राथमिक तपासणीनंतर' या दोन शब्दांत मी ती गुंडाळून टाकली. मॅनेजरने तो पहिला कागद बदलून घेतला आणि मी बदलू दिला. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, पहिली नोकरी होती, भीती वाटली. कारणं सांगायची तर एवढीच.

अहवाल इंग्रजीत होता. मिठबावकर केबिनमध्ये आले, दारातच उभे राहिले. "काय लिहिलंस ते वाचून दाखव." मी मराठी करून सांगितलं. ते खाली बघत ऐकत होते. संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तुझा वरचा माप खंय गेला?"

मी म्हटलं, "काका, ते..." ते थोडा वेळ थांबले. खरंच थांबले, मी काहीतरी बोलेन म्हणून. मग गेले.

आठ दिवसांत हुकूम आला. यापुढे परवानगीच्या कागदावर फक्त मान्यताप्राप्त डिप्लोमाधारकाची सही चालेल. मिठबावकरांना डिप्लोमा करायला सांगा, असं मी मॅनेजरला म्हणून पाहिलं. तो हसला. त्या कोर्सला प्रवेशासाठीच आधी पदवी नाहीतर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा लागतो हे त्याच्यापेक्षा मलाच जास्त ठाऊक होतं. मिठबावकर आणखी तीन आठवडे आले. गेटावर उभे राहायचे, पण विचारायचे नाहीत काही. अंगारकीला मी उपासाचा रकाना भरत होते, तर फोरमन म्हणाला, हे आता कशाला मॅडम, कंपनीच्या फॉर्ममध्ये नाहीये. मग एक दिवस मिठबावकर आले नाहीत. फोन लावला, उचलला नाही. वाकोल्याला जायचं दहादा ठरवलं आणि गेले नाही.

पाच वर्षं झाली त्याला. मी ती कंपनी सोडली. आता मी दुसऱ्यांच्या साइटवर जाऊन तपासणी करते, टॅब्लेटवर होय-नाही भरते आणि संध्याकाळी अहवाल देते. मागच्या हिवाळ्यात मरोळला एका साइटवर गेले होते, आरेच्या हद्दीला लागून. मधल्या आकाराचा ठेकेदार, दोन इमारती. साइट इतकी नीटस होती की मलाच शंका आली. जाळ्या ताणलेल्या, कडेला फळ्या, शिड्या वरच्या टोकाला बांधलेल्या. तळघरात टाकीच्या तोंडाला कुलूप, आणि शेजारी खुंटीवर गॅस मोजायचं यंत्र टांगलेलं, त्याला लांब दोर, दोराला हाता-हातावर गाठी. कंदील कुठेही नव्हता.

मी ठेकेदाराच्या तरुण सेफ्टी ऑफिसरला विचारलं, हे कोणाचं काम?

"आमचे सुपरवायझर आहेत ना, चाचा. ते बघा आलेच."

केस पूर्ण पांढरे झालेले, बाकी मिठबावकर तेच. त्यांनी मला ओळखलं. हसले नाहीत.

टॅब्लेटवर पुढचा रकाना होता, सेफ्टी सुपरवायझरकडे मान्यताप्राप्त प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आहे का? ऑफिसर फाइल चाळायला लागला. मला माहीत होतं काय आहे आणि काय नाही. मी त्याला पाणी आणायला पाठवलं आणि हळू आवाजात म्हटलं, "काका, मी 'होय' लिहिते. कोर्स असतो आठवड्याभराचा, कमी शिकलेल्यांसाठी. तुम्ही करून घ्या, मी नंतर कागद जोडते."

"कित्याक?"

"काका, 'नाही' लिहिलं तर तुम्हाला या कामावरून काढतील आज."

"मगे काढतले." ते माझ्या हातातल्या टॅब्लेटकडे बघत होते. "माझ्याबद्दल खरां लिवक तुका बरां जमता. तेव्हा लिवलंस, आता पण लिव."

थोबाडीत मारली असती तर चाललं असतं. माफी मागायला हवी होती. ती पाच वर्षं घशात तयार होती. पण ऑफिसर पाण्याची बाटली घेऊन आला, आणि मी त्याच्यासमोर 'नाही'वर बोट ठेवलं.

ठेकेदार सभ्य माणूस होता. त्याने मिठबावकरांना काढलं नाही, नुसतं जाळ्या बांधणाऱ्या टोळीत टाकलं. काम बदललं म्हणून गेटचा पास बदलायचा म्हणजे नियमाप्रमाणे नव्या कामगाराची ओळख-बैठक पुन्हा करायची, तीही त्याच दिवशी, मी साइटवर असतानाच, म्हणजे अहवालात दुरुस्ती दिसेल. तीन वाजता शेडमध्ये सतरंजीवर पंचवीसेक नवी माणसं बसली. पहिल्या रांगेत मांडी घालून मिठबावकर. तरुण ऑफिसर भिंतीवर चित्रं दाखवत होता. अपघात झाला तर कुठे जमायचं, कोणाला फोन करायचा, अँब्युलन्स कुठल्या रस्त्याने आत येते. चांगलं सांगत होता पोरगा, तयारी करून आला होता. मी मागे दाराशी उभी होते. निघायचं होतं, पाय निघत नव्हते.

"किसी को कुछ पूछना है?" त्याने विचारलं.

अशा बैठकीत कोणी कधी काही विचारत नाही. एकच हात वर झाला.

"साहब, अँब्युलन्स आएगी किधर से?" मिठबावकरांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, खरोखरच विचारत होते. "गेट के सामने तो सुबह से सरिये का ट्रक खडा है."

ऑफिसरने आधी भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं, मग शेडबाहेर गेटाकडे. चित्र तसंच सोडून तो बाहेर धावला. पंचवीस माणसं माना वळवून बघत राहिली. सकाळी त्याच सळयांच्या ट्रकला अंग चोरून वळसा घालून मी आत आले होते, आणि नकाशावरची अँब्युलन्सच्या रस्त्याची हिरवी रेघ बघून 'रस्ता मोकळा आहे का' या रकान्यात 'होय' भरलं होतं. मिठबावकरांचा हात अजून वरच होता.